कोडाईकनालची मिशनरी शाळा आयबीकडे कशी वळली

देशातली पहिली आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, हा आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम शिकवणारी) शाळा म्हणून कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूलचं नाव घेतलं जातं, ते खरंच आहे. 1976 मध्ये तिथे हा अभ्यासक्रम आला, तेव्हा मुंबई-पुण्यात ही अक्षरंही फारशी कोणी ऐकली नव्हती. पण सेव्हन रोड्सच्या चौकातल्या या दगडी शाळेने जगभरची मुलं एकत्र शिकवण्याच्या ध्यासापोटी हे पाऊल उचललं, असं जे सांगितलं जातं, ते अर्धंच.

शाळा 1901 ची. मदुराईकडे काम करणाऱ्या अमेरिकी मिशनऱ्यांना आधी सिरुमलाईच्या डोंगरात थंडावा सापडला होता, पण तिथेही हिवतापाने पाठ सोडली नाही. म्हणून 1845 मध्ये त्यांनी पळणीच्या डोंगरात, म्हणजे आजच्या कोडाईकनालला, दोन हजार मीटरच्या वर, दोन बंगले बांधले. 1875 नंतर अम्मयनायकनूरपर्यंत रेल्वे आली. पुढे रात्रभर बैलगाडी आणि मग पायवाटेने, घोड्यावर नाहीतर माणसांनी खांद्यावर उचललेल्या खुर्चीतून चढण. घाटरस्ता व्हायला 1914 उजाडलं.

अशा जागी शाळा काढायचं कारण घरगुती होतं. मिशनऱ्यांची मुलं सहा-सात वर्षांची झाली की त्यांना अमेरिकेला नातेवाइकांकडे धाडत, आणि आईबापांची भेट व्हायची ती त्यांची पुढची मोठी रजा मंजूर झाल्यावर. हायक्लर्क नावाच्या एका जुन्या हॉटेलात शाळा भरली तेव्हा ही ताटातूट काही वर्षं तरी पुढे गेली. मूल उद्या अमेरिकेतल्या कुठल्याही शाळेत त्याच इयत्तेत बसलं पाहिजे, म्हणून पुस्तकं अमेरिकेची. सुट्ट्यांचा हिशेबही पालकांच्या सोयीचा: उन्हाळ्यात आईवडील वर येणार, म्हणून मोठी सुट्टी थंडीत, मुलांनी खाली घरी जायचं. पुढची पन्नासेक वर्षं हे असंच चाललं.

खरा पेच स्वातंत्र्यानंतरचा. परदेशी मिशनऱ्यांच्या व्हिसाचे नियम पन्नाशीच्या दशकात आवळत गेले. त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारने (राजधानी तेव्हा नागपूर) 1954 मध्ये नागपूर हायकोर्टाच्या निवृत्त मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या मिशनऱ्यांना परत पाठवावं, अशी शिफारस तिने 1956 मध्ये केली. ती शिफारस देशभर कायदा झाली नाही, पण वारा कुठून वाहतोय ते सगळ्यांना कळलं. तिकडे अमेरिकेतल्या मिशन मंडळांनीही इथली कामं देशी चर्चच्या हाती द्यायला सुरुवात केली होती. मिशनरी कमी, म्हणजे मुलं कमी. साठीचं दशक सरता सरता हॉस्टेलं भरायची कशी, हा प्रश्न उभा राहिला.

बंद करणं हा एक मार्ग होता. दुसरा, भारतीय मुलं सरसकट घ्यायची. हे ऐकायला सोपं. पण अमेरिकी हायस्कूलचा डिप्लोमा घेऊन इथल्या कॉलेजात जाणार कसं? पाचगणीच्या जुन्या युरोपियन शाळांना हा पेच असा पडला नाही. त्या केंब्रिजच्या परीक्षांना बसवत, आणि त्या परीक्षांना आपल्या विद्यापीठांत मान होता. कोडाईने भारतीय बोर्ड धरलं असतं तर उटी-पाचगणीच्या रांगेतली आणखी एक शाळा झाली असती, आणि उरलेले परदेशी पालकही गेले असते.

सत्तरीच्या पहिल्या काही वर्षांत दारं उघडली, नाव बदललं, आणि 1968 मध्ये जिनिव्हात सुरू झालेल्या नव्याकोऱ्या आयबीवर पैज लावली गेली. जुना अमेरिकी धर्तीचा डिप्लोमा सोडला नाही. तो सोबत ठेवला. मला यात ध्येयवादापेक्षा व्यवहार जास्त दिसतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. भारतीय विद्यापीठांच्या महासंघाने आयबीला बारावीच्या बरोबरीने मानलं ते 1983 मध्ये. म्हणजे पहिल्या सात वर्षांत इथे मुलाला घालणाऱ्या भारतीय पालकाने त्याचं पुढचं शिक्षण परदेशात होणार, असंच मनाशी धरलेलं असणार. आणि तसं मनाशी धरणं परवडणारे पालक कोण, हे सांगायला नको. मिशनऱ्याच्या पगारात भागावी म्हणून काढलेली शाळा श्रीमंतांची झाली, त्याची मुळं या निवडीत आहेत. पुढच्या फीवाढीला एकटीला दोष देण्यात अर्थ नाही.

नव्वदीनंतर चित्र पुन्हा पालटलं. 1997 मध्ये मुळशीत पौडजवळच्या टेकडीवर युनायटेड वर्ल्ड कॉलेज निघालं. तेही निवासी, तेही आयबीचं, पण फक्त शेवटच्या दोन वर्षांसाठी, आणि मुलं निवडायची बरीचशी कामं देशोदेशीच्या समित्यांकडे. त्यानंतर मुंबईत, पुण्यात घरी राहून, बसने जाऊन-येऊन आयबी करता येऊ लागलं. तेव्हापासून कोडाईला प्रवेश मागणाऱ्यांपुढे आयबी हे एकटं कारण उरलेलं नाही. मुलाला घरापासून इतक्या लांब ठेवायचं की नाही, हे आधी ठरवावं लागतं.