गळणारा केस तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट सांगतो

कंगव्यात आलेला एक केस गडद रंगाच्या कागदावर ठेवा आणि त्याचं मुळाकडचं टोक उजेडात नीट बघा. टोकाशी टाचणीच्या डोक्याहूनही लहान, पांढुरकी गाठ दिसेल. ही गाठ दिसली की माणसं घाबरतात. केस मुळासकट उपटून आला, आता तिथे पुन्हा उगवणार नाही, असं वाटतं. पण केसाचं मूळ कातडीच्या आत शाबूत असतं. केस वाढायचा थांबला की त्याच्या खालच्या टोकाला केराटिन या प्रथिनाची एक टणक गाठ तयार होते आणि आपल्याला दिसते ती तीच. म्हणजे हातात आलेल्या या केसाची वाढ आज थांबलेली नाही, साधारण तीन महिन्यांपूर्वीच थांबली होती. तेव्हापासून तो डोक्यावर नुसता टिकून होता.

केस गळायला लागले की आपण पहिला संशय कालपरवाच्या गोष्टींवर घेतो. शाम्पू बदलला म्हणून, पाणी बदललं म्हणून, तेल लावायचं राहिलं म्हणून. कारण मात्र बरेचदा कॅलेंडरची दोनतीन पानं मागे उलटल्यावर सापडतं. हा उशीर का होतो ते कळलं, की केसगळतीबद्दलची निम्मी भीती जाते, म्हणून आधी तेवढं समजून घेऊ.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक केस कातडीतल्या एका छोट्या पिशवीतून उगवतो. तिला केशपुटक म्हणतात. प्रत्येक पुटकाचं घड्याळ वेगळं चालतं. दोन ते सहा वर्षं ते केस वाढवत राहतं, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग दोनतीन आठवड्यांत आवराआवर होते, पुटक आक्रसतं, केसाचा खालून होणारा पुरवठा तुटतो. त्यानंतर तीनेक महिने विश्रांती. विश्रांती संपली की पुटकात नवा केस उगवू लागतो आणि जुना गळून पडतो.

कोणत्याही दिवशी शंभरातले ८५ ते ९० केस वाढीच्या टप्प्यात असतात आणि दहाबारा विश्रांतीत. आता सोपा हिशेब करू. एक लाखातले दहा टक्के म्हणजे दहा हजार केस विश्रांतीत. ते सुमारे शंभर दिवसांत गळणार. म्हणजे दिवसाला शंभर. रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे असं डॉक्टर सांगतात, त्यामागचं गणित हे असं आहे. चारपाच दिवसांनी डोकं धुणाऱ्यांच्या हातात एकदम मोठा पुंजका येतो, कारण आधीच सुटलेले केस केसांतच गुंतून राहिलेले असतात. गळतील या भीतीने डोकं न धुणाऱ्यांचे केस त्यामुळे वाचत नाहीत. ते फक्त साठत जातात.

आता समजा, शरीराला एखादा जबर धक्का बसला. बरेच दिवस टिकलेला जोरदार ताप, डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठी शस्त्रक्रिया, खूप रक्तस्राव, अचानक केलेली टोकाची उपासमार. अशा वेळी शरीराला जगण्यासाठी लागणारी कामं आधी उरकायची असतात. केस वाढवणं हे खर्चिक काम आहे, कारण केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. त्यामुळे बरीचशी पुटकं आपापली घड्याळं बाजूला ठेवून एकाच वेळी विश्रांतीत जातात. दहा टक्क्यांच्या जागी तीस टक्के केस विश्रांतीत गेले, असं धरा. वरच्याच हिशेबाने रोजचा आकडा शंभरावरून तीनशेवर जातो.

पण हे तीनशे केस लगेच गळत नाहीत, त्यांची तीन महिन्यांची विश्रांती आधी पुरी व्हावी लागते. माणूस तापातून उठतो, भूक परत येते, चेहऱ्यावर तजेला येतो, कामावर रुजू होतो आणि नेमकं तेव्हाच उशीवर, न्हाणीघराच्या जाळीवर, कपड्यांवर केसच केस दिसू लागतात. 'आता तर मी बरी आहे, मग हे काय नवीन?' हा प्रश्न म्हणूनच इतक्यांच्या तोंडी असतो. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये या प्रकाराचं सविस्तर वर्णन केलं आणि त्याला टेलोजेन एफ्लुव्हियम हे नाव दिलं. टेलोजेन म्हणजे तो विश्रांतीचा टप्पा.

बाळंतपणानंतरची गळती याच घरातली, फक्त तिची सुरुवात वेगळी होते. गरोदरपणात इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी वाढलेली असते आणि त्यामुळे केस वाढीच्या टप्प्यात जास्त काळ राहतात. वेणी दाट होते. बाळंतपणानंतर ही पातळी झपाट्याने उतरते आणि एरवी मधल्या महिन्यांत थोडेथोडे गळून गेले असते ते केस एकदम विश्रांतीत जातात. दोन ते चार महिन्यांनी ते गळू लागतात. आधीच झोपेविना दमलेल्या आईला हे फार लागतं, पण बहुतेकींचे केस वर्षभरात पूर्वपदावर येतात.

शरीर हीच नोंद आणखी एका जागी ठेवतं. मोठ्या आजारातून उठल्यावर काही जणांच्या हाताच्या नखांवर आडवी खाच उमटते. आजाराच्या दिवसांत नखाची वाढ काही काळ अडखळली, तिची ती खूण. हाताचं नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं, म्हणून खाच नखाच्या मुळापासून किती पुढे सरकली आहे ते मोजलं की आजार कधी होऊन गेला याचा अंदाज येतो. केसगळतीचं कारण शोधताना नखं बघणारा डॉक्टर मला नेहमीच जास्त भरवशाचा वाटतो.

मग तणावाचं काय? 'टेन्शनने केस गळतात' हे वाक्य आपण फार सहज वापरतो. प्रयोगशाळेत मात्र या वाक्यात तथ्य आहे हे दिसलं आहे, निदान उंदरांमध्ये. हार्वर्ड विद्यापीठातल्या या-चिए शू यांच्या गटाचं संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. उंदरांना बराच काळ सौम्य तणावाखाली ठेवल्यावर त्यांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे तणावाचं संप्रेरक वाढलं. माणसात जे काम कॉर्टिसोल करतं ते उंदरात हे संप्रेरक करतं. केसाच्या मुळाशी पेशींचा एक पुंजका असतो आणि एरवी तो शेजारच्या मूळपेशींना जागं करण्यासाठी गॅस-६ नावाचं प्रथिन सोडतो. कॉर्टिकोस्टेरॉनने हे प्रथिन सोडणंच रोखलं. मूळपेशी शाबूत होत्या, पण त्यांना उठवणारं कोणी नव्हतं. पुटकं विश्रांतीतच रेंगाळली. संशोधकांनी गॅस-६ पुरवल्यावर तणावातल्या उंदरांचे केसही पुन्हा वाढू लागले. ज्या उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथीच काढल्या होत्या, म्हणजे ज्यांच्यात हे संप्रेरक तयार होतच नव्हतं, त्यांची पुटकं तर नेहमीपेक्षा कितीतरी वेळा जास्त वाढीला लागली.

उंदराची कातडी म्हणजे माणसाचं डोकं नव्हे, त्यामुळे यातून लगेच औषध निघेल असं कोणी समजू नये. माणसाच्या बाबतीत जवळच्या व्यक्तीचा मृत्यू, अपघात असे मोठे मानसिक आघात आणि नंतरची गळती यांची सांगड घालता येते. रोजच्या धावपळीचा आणि गळतीचा संबंध दाखवणं बरंच अवघड आहे. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण केस गळतात म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या कितीतरी बायकांना 'टेन्शन घेऊ नका' एवढंच सांगून परत पाठवलं जातं आणि मला याचा मनापासून राग येतो. शरीरातलं लोह कमी असेल, थायरॉइडचं काम मंदावलं किंवा वाढलं असेल, तर कितीही शांत राहिलं तरी केस गळत राहणार. पाळीत जास्त रक्त जात असेल तर हिमोग्लोबिन बरं दिसत असूनही लोहाचा साठा आटलेला असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. थायरॉइडसाठीची टीएसएच आणि लोहासाठीची फेरिटिन या साध्या रक्ततपासण्या आहेत. त्या केल्याशिवाय खापर मनावर फोडणं हा त्या बाईवर अन्याय आहे.

औषधांचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. कर्करोगाच्या केमोथेरपीत केस जातात हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती गळती वेगळी. केमोची अनेक औषधं वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि वाढीच्या टप्प्यातले केस त्यात थेट सापडतात. डोक्यावरचे नव्वद टक्के केस या टप्प्यात असतात, म्हणून जवळपास सगळं डोकं रिकामं होतं, तेही उपचार सुरू झाल्यापासून काही आठवड्यांतच. तीन महिने वाट बघावी लागत नाही. या केसांच्या मुळाकडच्या टोकाला पांढरी गाठही नसते, ते टोक निमुळतं होऊन तुटलेलं असतं. उपचार संपल्यावर केस बहुतेक वेळा परत येतात, कधीकधी सुरुवातीला वेगळ्या पोताचे किंवा कुरळे.

बाकीची औषधं हळू काम करतात आणि पुटकांना विश्रांतीत ढकलतात. रक्त पातळ ठेवणारी हेपारिन आणि वॉर्फरिन, रक्तदाबावरच्या बीटा ब्लॉकर गटातली काही, अपस्मारावरचं व्हॅल्प्रोएट, मनाच्या आजारावरचं लिथियम, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन. ही घेणाऱ्या सगळ्यांचेच केस गळतात असं अजिबात नाही. गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यावरही काही महिन्यांनी गळती दिसते, कारण तिथेही संप्रेरकांची पातळी अचानक बदलते. औषध सुरू केल्याची, डोस वाढवल्याची किंवा बंद केल्याची तारीख आणि गळती सुरू झाल्याची तारीख शेजारीशेजारी लिहून काढली की चित्र बरंच स्पष्ट होतं.

पण कृपा करून हे वाचून कोणी आपलं औषध स्वतःच्या मनाने थांबवू नका. वॉर्फरिन सुटलं तर रक्ताची गुठळी होऊ शकते, व्हॅल्प्रोएट एकदम थांबवलं तर झटके परत येऊ शकतात, बीटा ब्लॉकर अचानक सोडलं तर हृदयावर ताण येतो. केस परत येतात, हे धोके मात्र परतवता येतीलच असं नाही. ज्यांनी औषध लिहून दिलंय त्यांच्यासमोर तारखांचा तो कागद ठेवा. पर्यायी औषध असेल तर ते बदलून देतील.

केसांसाठी म्हणून घेतलेल्या गोळ्याही उलटू शकतात, हे सहसा कोणी सांगत नाही. अ जीवनसत्त्व किंवा सेलेनियम प्रमाणाबाहेर गेलं तर केस गळतात. बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसांनी रक्ततपासणीचे आकडे चुकू शकतात, त्यात थायरॉइडचेही. म्हणजे जे कारण शोधायचं तेच झाकलं जातं. रक्त देण्याआधी बायोटिन घेत असल्याचं जरूर सांगा. मिनॉक्सिडिल हे केस वाढवणारं औषध डोक्याला लावायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काहींची गळती वाढते आणि माणसं घाबरून ते सोडून देतात. ते औषध विश्रांतीतल्या पुटकांना लवकर वाढीला लावतं, म्हणून जुने केस एकदम मोकळे होतात.

सगळीच गळती या साच्यात बसत नाही. डोक्यावर नाण्यासारखे गुळगुळीत चट्टे पडले, तर बहुधा शरीराची प्रतिकारयंत्रणाच पुटकांवर उलटलेली असते. भांग वर्षानुवर्षं रुंद होत गेला किंवा कपाळ मागे सरकत गेलं, तर पुटकं लहान होत जाण्याचा आनुवंशिक प्रकार असण्याची शक्यता जास्त. कातडी लाल झाली, खवले आले, दुखायला लागलं किंवा चट्ट्यावर केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली, तर थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे लगेच जा. काही प्रकारांत पुटकं कायमची नष्ट होतात आणि उशीर केलेला महागात पडतो. गळती सहा महिन्यांपलीकडे चालू राहिली तरीही दाखवायलाच हवं.

धक्क्यानंतरची गळती मात्र कारण दूर झालं की साधारण तीन ते सहा महिन्यांत ओसरते. दाटपणा परत यायला त्याहून बराच वेळ लागतो. महिन्याला एक सेंटिमीटर या वेगाने खांद्यापर्यंत पोचायला दोनेक वर्षं जातात आणि तोवर वेणीचं टोक बारीकच राहतं. त्याआधी काही चाललंय की नाही हे बघायचं असेल, तर आरशासमोर उजेडात उभं राहून भांगाच्या कडेला आणि कपाळाच्या वरच्या रेषेत निरखून बघा. तिथे एकदोन सेंटिमीटरचे आखूड केस ताठ उभे राहिलेले दिसतात, कितीही चापूनचोपून बसवले तरी बसत नाहीत. अनेकींना वाटतं, केस तुटायला लागलेत. त्यातला एक बोटांत धरून टोक बघा. तुटलेल्या केसाचं टोक बोथट किंवा फाटलेलं असतं. टोक सुईसारखं निमुळतं असेल, तर तो केस तुटलेला नाही. तो नुकताच उगवला आहे.