व्हॉल्यूम नेमके कोणाच्या ताब्यात? खासगी क्लाउडमधील ब्लॉक स्टोरेजची पार्श्वभूमी

बडोद्यातील आमच्या संस्थेत तीन सर्व्हरवर चालणारा एक लहानसा खासगी क्लाउड आहे. त्याच्या देखभालीसाठी नव्याने आलेले सहकारी हटकून विचारतात की, व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) काढून टाकले तरी त्याचे व्हॉल्यूम, म्हणजे त्याला डिस्क म्हणून जोडलेली साठवणुकीची जागा, मागे का उरते आणि ते दुसऱ्या मशीनला जोडण्याआधी एवढ्या नोंदी कशाला. हे टिपण त्यांच्यासाठी आहे.

१९५६ साली आयबीएमने पहिली व्यावसायिक हार्ड डिस्क आणली तेव्हा २४ इंची ५० तबकड्यांवर जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. त्यानंतर बराच काळ डिस्क हा संगणकाचाच अवयव राहिला; तबकडी कोणती, वर्तुळ कोणते, हे संगणकालाच ठाऊक असावे लागे. १९८६ साली प्रमाणित झालेल्या स्कझीने, म्हणजे संगणक आणि डिस्क यांच्यातील संवादाच्या ठरावीक पद्धतीने, ही गरज संपवली. आता संगणक फक्त अमुक क्रमांकाचा ब्लॉक (माहितीचा ठरावीक आकाराचा तुकडा) मागू लागला आणि तो कोठे आहे हे डिस्कने पाहायचे ठरले. माझ्या मते या विषयातील खरे वळण हेच आहे, कारण समोर खरी डिस्क आहे की डिस्कसारखे उत्तर देणारे दुसरेच काही, हे ओळखण्याचे कारणच संगणकाला उरले नाही. १९९८ च्या सुमारास लिनक्सवर आलेल्या एलव्हीएम या डिस्क-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरने अनेक डिस्का एकत्र करून त्यांतून हवे तेवढे तुकडे पाडले, तर २००४ साली आयस्कझीचे, म्हणजे नेटवर्कवरून चालणाऱ्या स्कझीचे, प्रमाण प्रसिद्ध झाल्यावर हेच ब्लॉक साध्या नेटवर्कवरून मागता येऊ लागले.

ॲमेझॉनने २००६ साली भाड्याने मशीन देण्यास सुरुवात केली तेव्हा मशीन बंद करून सोडले की त्यावरील माहितीही जात असे. मशीनपासून स्वतंत्र आयुष्य असलेले व्हॉल्यूम त्यांनी २००८ च्या ऑगस्टमध्ये दिले. नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० साली सुरू केलेल्या ओपनस्टॅक या क्लाउड उभारण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये व्हॉल्यूमचे काम आरंभी मशीन चालवणाऱ्या नोव्हाकडेच होते. २०१२ च्या फॉल्सम आवृत्तीत ते सिंडर या वेगळ्या सेवेकडे गेले. सेज वाइल यांच्या संशोधनातून उभे राहिलेले सेफ हे साठवणुकीचे सॉफ्टवेअर अनेक ठिकाणी सिंडरच्या मागे असते. व्हॉल्यूमचे साधारणपणे ४ मेगाबाइटचे तुकडे करून प्रत्येकाच्या तीन प्रती ते वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवते. एक सर्व्हर बंद पडला तरी काम चालते, मात्र वापरण्याजोगी जागा एक तृतीयांशच उरते.

नोव्हा आणि सिंडर यांच्यातील विभागणीमुळे सोय झाली, पण मशीन आणि व्हॉल्यूम यांच्या एकाच जोडणीची नोंद दोन ठिकाणी होऊ लागली. आपल्याकडे सयाजीराव महाराजांच्या काळी फिरत्या ग्रंथालयाची पेटी गावोगाव जात असे, तेव्हा ती सध्या कोणत्या गावी आहे याचे उत्तर एकाच वहीत असणे आवश्यक होते. क्लाउडमध्ये एक वही सिंडरची, एक नोव्हाची, आणि ज्या सर्व्हरवर मशीन चालते तेथील प्रत्यक्ष जोडणी तिसरीच. पूर्वी एका ठिकाणी काम करताना मशीनपासून सोडवण्याच्या अवस्थेत अडकलेले व्हॉल्यूम मी डेटाबेसमधील नोंद हाताने बदलून मोकळे केले होते. जुन्या सर्व्हरवरील जोडणी मात्र तुटलेली नव्हती, त्यामुळे दोन मशीन त्या व्हॉल्यूमवरील एकाच फाइल सिस्टिमवर (फायलींच्या मांडणीवर) लिहीत राहिली आणि ती कायमची बिघडली. शेवटी कालच्या बॅकअपवर भागवावे लागले, त्या दिवसाचे काम गेलेच.

ही केवळ माझ्यासारख्याच्या घाईची गोष्ट नव्हे. मे २०२३ मध्ये ओपनस्टॅकमधील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. वापरकर्त्याने नोव्हाला वगळून थेट सिंडरकडे जोडणीची नोंद पुसली, तर सर्व्हरवर तिचा अवशेष राही, आणि तोच क्रमांक पुढे दुसऱ्याच्या व्हॉल्यूमला मिळाला की परक्याची माहिती उघडी पडू शके. दुरुस्तीनंतर, वापरात असलेल्या व्हॉल्यूमची जोडणी पुसण्याची विनंती नोव्हाच्या सेवा-ओळखपत्रासह, म्हणजे ती नोव्हाकडूनच आल्याच्या पुराव्यासह, आली तरच सिंडर ती मान्य करते. हे ओळखपत्र मांडणीत (कॉन्फिगरेशनमध्ये) भरलेले नसेल तर सुधारित आवृत्तीत व्हॉल्यूम नेहमीप्रमाणे सोडवणेही अडते, म्हणून नव्या सहकाऱ्यांनी सर्वांत आधी तेच तपासावे.