ब्रेस्टस्ट्रोक

पोटावर आडवे राहून, दोन्ही हात एकाच वेळी छातीपुढून बाहेर-आत फिरवत आणि दोन्ही पाय बेडकासारखे झटकत पोहण्याची पद्धत. चार स्पर्धात्मक शैलींपैकी ही सर्वांत संथ आणि बहुधा सर्वांत जुनी. मुंबईच्या तलावांवर हिला नुसते ‘ब्रेस्ट’ म्हणतात. कोकणातल्या विहिरींवर पाठीला डबा किंवा सुके भोपळे बांधून शिकणाऱ्या पोरांना ‘बेडकासारखे पाय मार’ एवढेच सांगितले जाई, आणि ते पुरतही असे. स्पर्धेत मात्र या शैलीइतकी नियमांची उलथापालथ दुसऱ्या कुठल्याच शैलीच्या वाट्याला आली नाही. त्यामुळे ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्याची कारकीर्द त्याच्या हातापायांइतकीच त्या काळच्या नियमपुस्तिकेवर अवलंबून राहिली आहे.

उगम : ईजिप्तच्या गिल्फ केबीर पठारावरील एका गुहेत पोहणाऱ्या माणसांसारख्या आकृती रंगवलेल्या आहेत. त्या काही हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. हात पुढे पसरलेल्या या आकृतींत काहींना ब्रेस्टस्ट्रोक दिसतो, तर काही संशोधक त्यांचा संबंध मृतात्म्यांशी लावतात. चित्रांत पायांची हालचाल स्पष्ट नसल्याने दुसरे मत अधिक सावध वाटते. लिखित पुराव्याची सुरुवात सामान्यतः जर्मन अध्यापक निकोलाउस विनमान यांच्या 1538 मधील लॅटिन पुस्तकापासून धरतात. त्यांनी वर्णिलेली पद्धत हातांपुरती आजच्या ब्रेस्टस्ट्रोकच्या जवळची आहे. पाणी पायाच्या तळव्यांनी ढकलायचे की पावलाच्या वरच्या भागाने, हा मुद्दा वादाचा आहे, आणि आजच्या शैलीची खरी ओळख तर तळव्यांच्या रेट्यातच आहे. एव्हरार्ड डिग्बी यांच्या 1587 मधील ग्रंथालाही हीच शंका लागू पडते. म्हणून ‘सोळाव्या शतकातील शोध’ म्हणण्यापेक्षा हळूहळू घडत गेलेली लोकपद्धत म्हणणे बरे.

एकोणिसाव्या शतकात युरोपात सभ्य पोहणे म्हणजे हेच पोहणे, असा समज होता. 1844 मध्ये लंडनमध्ये उत्तर अमेरिकेतील आदिवासी जलतरणपटूंनी हात पाण्याबाहेरून फिरवत वेगाने पोहून दाखवले, तेव्हा पाणी उडवणारी ती रीत तिथल्या प्रेक्षकांना रांगडी वाटली. मॅथ्यू वेब यांनी 1875 मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली तीही ब्रेस्टस्ट्रोकनेच, सुमारे पावणेबावीस तासांत.

नियमांचा वाद : पुरुषांची 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोक शर्यत ऑलिंपिकमध्ये 1908 पासून आहे, स्त्रियांची 1924 पासून आणि 100 मीटरची 1968 पासून. हात पुढे आणताना पाण्यावरून फेकले तर वेग वाढतो, हे 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात लक्षात आले. त्याचे श्रेय काही जण जर्मनीच्या एरिख राडेमाखर यांना देतात, तर काही 1933 मध्ये ब्रुकलिनमध्ये ही रीत वापरणाऱ्या हेन्री मायर्स यांना. राडेमाखर यांनी ती शर्यतीत अधूनमधून वापरली आणि मायर्स यांनी सलग, असे मानले तर दोन्ही दावे टिकतात. तत्कालीन नियमांत याला मज्जाव नव्हता. 1952 मध्ये हेलसिंकीला ऑस्ट्रेलियाचे जॉन डेव्हिस याच रीतीने जिंकले. त्यानंतर हात पाण्यावरून फेकण्याची ही रीत ‘बटरफ्लाय’ नावाची स्वतंत्र शैली ठरली आणि 1956 पासून तिची ऑलिंपिक शर्यत सुरू झाली.

त्याच 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये जपानचे मासारू फुरुकावा बहुतांश अंतर पाण्याखालून कापून 200 मीटर जिंकले. पृष्ठभागावर शरीरापुढे उठणाऱ्या लाटेचा अडथळा पाण्याखाली नसतो, हे त्यांनी अचूक हेरले होते. लगोलग ही मुभा काढून घेण्यात आली. 1987 मध्ये प्रत्येक आवर्तनात डोके पाण्याखाली नेण्यास परवानगी मिळाली आणि खांदे उंच उचलून पुढे झेपावणारी ‘वेव्ह’ पद्धत रुजली. 2004 मध्ये अथेन्सला कोसुके किताजिमा यांनी 100 मीटरला पाण्याखाली डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून खाली-वर मारलेला झटका) मारल्याचा आक्षेप अमेरिकी गोटातून आला. पदक त्यांच्याकडेच राहिले, आणि पुढच्याच वर्षी सुरुवातीला व प्रत्येक वळणानंतर अशी एक किक नियमात बसवण्यात आली. किताजिमांनी 2008 मध्ये बीजिंगलाही 100 व 200 मीटर ही दोन्ही सुवर्णपदके जिंकली, त्यामुळे केवळ त्या एका किकवर त्यांचे यश तोलणे अन्यायाचे होईल.

तंत्र : एक हात-ओढ, एक पाय-झटका, मग ताणून घसरत जाणे, असा क्रम असतो. झटका देताना पावले बाहेरच्या बाजूला वळलेली हवीत. एक पाऊल आत राहिले तरी पोहणारा शर्यतीतून बाद होऊ शकतो. वळणावर आणि शेवटी दोन्ही हात एकाच क्षणी, एकमेकांपासून सुटे, भिंतीला लागावे लागतात. वळण-पंच तलावाच्या काठावर ओणवा होऊन हाच क्षण पाहतो. दमलेल्या पोहणाऱ्याचा एक खांदा खाली जातो, एक तळवा निमिषभर मागे पडतो आणि पंचाचा हात वर होतो. वर्षभराची मेहनत तिथे संपते. पोहणाऱ्याला ते बहुधा पाण्याबाहेर आल्यावरच कळते. पाय पुढे ओढून घेताना वेग एकदम घटतो, हे या शैलीच्या संथपणाचे मुख्य कारण.

उल्लेखनीय कारकिर्दी : ब्रिटनचे ॲडम पीटी (जन्म 1994) यांनी 100 मीटर अंतर 58 सेकंदांच्या आत (2015) आणि पुढे 57 च्या आत (56.88, ग्वांगजू, 2019) प्रथमच पोहून दाखवले. रिओ व टोकियो येथे सुवर्ण मिळवल्यावर पॅरिसला 2024 मध्ये इटलीच्या निकोलो मार्टिनेंगी यांच्याकडून ते अवघ्या 0.02 सेकंदाने मागे पडले. भारताचे संदीप सेजवाल बीजिंग ऑलिंपिकमध्ये 100 व 200 मीटर पोहले, पण आशियाई क्रीडास्पर्धांतील त्यांचे कांस्यपदक (इंचॉन, 2014) 50 मीटरचे आहे. ब्रेस्टस्ट्रोकचे हे अंतर ऑलिंपिकमध्ये 2028 पासून येत आहे, म्हणजे सेजवाल यांच्या उमेदीच्या काळानंतर.

मुंबई : 1948 ची राष्ट्रीय जलतरण स्पर्धा मुंबईत झाली. तीत बंगालच्या बालवयीन आरती साहा 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दुसऱ्या आल्या. डॉली नझीर यांचा 100 मीटरचा अखिल भारतीय विक्रम त्यांनी 1951 मध्ये मोडला, आणि पुढच्या वर्षी दोघीही हेलसिंकी ऑलिंपिकला गेल्या.

शहरात सरावाची मोठी अडचण तलावाच्या लांबीची आहे. दादरचा महात्मा गांधी स्मारक जलतरण तलाव 50 मीटरचा आहे, पण क्लबांचे व सोसायट्यांचे तलाव बहुधा 25 मीटर किंवा त्याहून आखूड असतात. 25 मीटरच्या तलावात 100 मीटरला तीन वळणे मिळतात, 50 मीटरच्या तलावात एकच. प्रत्येक वळणानंतर पाण्याखालची लांब ओढ आणि विश्रांतीचा क्षण मिळत असल्याने आखूड तलावातली वेळ फसवी असते. लांब तलावात साधारण सत्तर मीटरनंतर पाय जड होतात, आणि घड्याळ बघून आनंदलेल्या मुलांना ते पहिल्या मोठ्या स्पर्धेतच समजते.