लेक सुपीरियरवर कोणती कयाक? आधी बल्कहेड बघा

दर उन्हाळ्यात लेक सुपीरियरला, म्हणजे अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या प्रचंड सरोवराला, निघालेल्यांकडून हे ऐकायला मिळतं: "कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी नाव) घरचीच आहे, पिक्चर्ड रॉक्सच्या कड्यांखाली चालवू." पिक्चर्ड रॉक्स म्हणजे सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावरचा उंच कड्यांचा संरक्षित पट्टा. फोटो मागितला की दिसते तीन मीटरची, रुंद, ऐसपैस तोंडाची रिक्रिएशनल कयाक. कुणी टोकलंच तर उत्तर तयार असतं, "सी कयाक म्हणजे हीच हो, जरा लांब." ऐकून ऐकून कान किटले.

रिक्रिएशनल कयाक तुम्हाला माहीतच आहे. बसायला सोपी, स्वस्त, गाडीच्या टपावर सहज मावणारी. शांत तळ्यावर तिच्यासारखी मजा नाही, त्यामुळे तिच्याबद्दल आणखी सांगत नाही. सी कयाक साधारण पाच मीटर लांब आणि चांगलीच अरुंद असते, वेगाने जाते, रेषेत जाते. मागे रडर (वळणारं सुकाणू) हवं की स्केग (तळाखालचा न वळणारा पंखा), यावर लोक तासन् तास वाद घालतात. घालू द्या. नवख्याला त्याने काडीचा फरक पडत नाही.

खरा फरक बाहेरून दिसतच नाही. कयाक उलटली की आत शिरलेलं पाणी कुठपर्यंत जातं, ते बघा.

सी कयाकच्या पोटात आडव्या भिंती असतात, त्यांना बल्कहेड म्हणतात. एक पायांच्या पुढे, एक पाठीच्या लगेच मागे. त्यामुळे नावेची दोन्ही टोकं हवाबंद राहतात. नाव उलटली तरी पाणी फक्त मधल्या लहानशा कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या जागेत, भरतं, टोकं तरंगत राहतात. सोबती तुमच्या नावेचं नाक आपल्या नावेवर ओढून घेतो, उलट्याच नावेतलं पाणी बाहेर ओततो, ती सुलटी करतो आणि धरून ठेवतो. तुम्ही मागून पोटावर सरकत आत येता. सराव असलेल्या जोडीला हे सगळं दोन-तीन मिनिटांत जमतं. वर स्प्रे स्कर्ट असतो, म्हणजे कॉकपिटचं तोंड झाकणारा कमरेभोवतीचा घेर. लाटेचं पाणी मुळात आत शिरू नये म्हणून तो असतो.

रिक्रिएशनल कयाकमध्ये बहुधा यातलं काहीच नसतं. ती शेंड्यापासून शेपटीपर्यंत एकच पोकळी. उलटली की शेकडो लिटर पाणी आत, आणि एक लिटर म्हणजे एक किलो. टोकाला कोंबलेला फोमचा ठोकळा तिला बुडू देत नाही एवढंच, पण काठोकाठ भरलेली नाव लाटांमध्ये कुणी उचलू शकत नाही. उपसावं तर त्या मोठ्या तोंडातून पुढची लाट पुन्हा आत येते. काही मॉडेलना फक्त मागे बल्कहेड असतं आणि दुकानदार ते अभिमानाने दाखवतो. अशा नावेचं नाक पाण्याखाली जातं, आणि वाचवणाऱ्याला उचलायचं असतं तेच नाक. छोट्या तळ्यावर हे चालून जातं, कारण तिथे तुम्ही नाव ढकलत काठावर येता.

सुपीरियरवर काठ कुठून आणणार? पिक्चर्ड रॉक्सचे कडे साठ मीटरपर्यंत उंच आहेत, थेट पाण्यातून उभे, आणि मोठ्या पट्ट्यात पाय टेकायलाही जागा नाही. कड्यावर आपटलेली लाट परत फिरते, येणाऱ्या लाटेला भिडते आणि पाणी सगळीकडून उसळतं. सुपीरियरमधल्याच अपोसल आयलंड्स बेटांच्या गुहांपाशीही हेच. वारा जमिनीकडून वाहत असला की आणखी फसगत: कड्याच्या आडोशाला पाणी आरशासारखं, आणि आडोसा संपला की तोच वारा तुम्हाला खोल पाण्याकडे लोटू लागतो. हे सरोवर 560 किलोमीटर लांब आहे.

त्यात थंडी. जूनमध्ये किनाऱ्यावर टी-शर्टात घाम येत असतो आणि पाणी असतं पाच-सात अंशांवर. अशा पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्यातच जातं. पुढे साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शरीराचं तापमान उतरून शुद्ध हरपायला त्यानंतरही वेळ लागतो, पण बोटं वळेनाशी झाल्यावर त्या वेळाचा उपयोग काय? नावेत परत चढायचं ते त्या दहा मिनिटांत. बल्कहेडवर एवढं डोकं खाण्याचं कारण हेच.

"पण माझी रुंद आहे, उलटतच नाही," हा दुसरा लाडका युक्तिवाद. रुंद तळ पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो. पृष्ठभाग सपाट असेल तर नाव स्थिर, आणि आडव्या लाटेने तो तिरका झाला की नावही तेवढीच तिरकी. अरुंद सी कयाक पहिल्यांदा बसल्यावर डुगडुगते, पण कमरेच्या हालचालीने लाटेवरही सरळ ठेवता येते. दुकानात बसून "ही हलते" म्हणत रुंद नाव निवडणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलं आहे.

सिट-ऑन-टॉप कयाकचं पोट बंद असतं, ती भरत नाही, हे मान्य. पण त्यात तुम्ही सतत भिजता, वाऱ्याला ती सहज सापडते, आणि या थंडीत भिजत बसणं मला मंजूर नाही.

तेव्हा भाड्याने घेताना रंग, कप धरायची खाच वगैरे सोडा. पुढचं-मागचं दोन्ही हॅच (डेकवरची झाकणं) उघडून हात आत घाला, भिंत हाताला लागली पाहिजे. सोबत स्कर्ट, पाणी उपसायचा पंप आणि किमान वेटसूट (ओला झाला तरी ऊब धरणारा अंगाला घट्ट पोशाख) मागा. जूनमध्ये मी ड्रायसूटशिवाय, म्हणजे पाणी आत येऊच न देणाऱ्या पोशाखाशिवाय, उतरणार नाही. लाइफ जॅकेट अंगात हवं, डेकला बांधलेलं नको. आणि नावेत परत चढायचा सराव आधी उथळ पाण्यात केलेला नसेल, तर सरळ गाइडसोबत दोघांच्या सी कयाकमधून जा. कडे तितकेच सुंदर दिसतात.

घरची कयाक आणलीच असेल तर ग्रँड मरे गावाजवळ ग्रँड सेबल लेक आहे, पिक्चर्ड रॉक्सच्याच हद्दीत. सुपीरियरहून कितीतरी लहान आणि बहुधा शांत. जोराचा वारा नसलेली सकाळ बघून तिथे उतरवा.