दुरून जवळ येणारा आवाज

मालाड पश्चिमेला बॉम्बे टॉकीजचं जुनं आवार आहे. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी 1934 मध्ये उभारलेल्या स्टुडिओच्या जागी आता लहानलहान कारखान्यांचे गाळे आहेत. मागच्या पावसाळ्यात तिथून जात होतो. एका गाळ्यात ग्राइंडरने लोखंडी अँगल कापण्याचं काम चाललं होतं. पातं लोखंडाला टेकलं आणि माझे दात शिवशिवले, मानेवर काटा आला. मनात आलं, ज्या स्टुडिओने 1949 मध्ये 'महल' हा भुताटकीचा चित्रपट काढला, त्याच्या अंगणात उभं राहून आपण शहारतोय, पण हे शहारणं निराळं. त्यातलं 'आयेगा आनेवाला' ऐकतानाही काटा येतो, आणि त्यात तर कुठेच करकर नाही.

भीतीचं संगीत या दोन वाटांनी कानात शिरतं. दोन्ही वाटा संगीतकारांनी कानाने शोधल्या. शास्त्रज्ञ मोजमाप घेऊन तिथे पोचले ते बऱ्याच वर्षांनी.

आधी करकरीची वाट. 'सायको' (1960) मधला न्हाणीघरातला खून संगीताविनाच दाखवायचा, असं आल्फ्रेड हिचकॉकने ठरवलं होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही त्या प्रसंगासाठी संगीत लिहिलं. हिचकॉकने ते ऐकलं आणि मत बदललं. त्या चित्रपटासाठी हरमनने फक्त तंतुवाद्यं घेतली होती. ना ढोल, ना तुताऱ्या. व्हायोलिनच्या अगदी वरच्या पट्टीत अर्ध्या स्वराच्या फरकाने एकमेकांना भिडणारे स्वर, आणि ते गजाने खसाखसा ओढलेले.

घरात पेटी असेल तर हे करून बघण्यासारखं आहे. मध्य सप्तकातली पांढरी एक आणि तिच्या लगतची काळी एक, दोन्ही पट्ट्या एकदम दाबा. पहिलीची कंपनं सेकंदाला सुमारे 262, दुसरीची 277. दोन्ही लाटा सेकंदाला पंधरा वेळा एकमेकींना उचलून धरतात आणि पंधरा वेळा खोडतात, म्हणून आवाज थरथरतो. आता तेच तार सप्तकात करा. तिथे 523 आणि 554, म्हणजे फरक 31 चा. थरथर आता सुटी ऐकू येत नाही, तिचा खरखरीतपणा होतो आणि हात आपोआप पट्ट्यांवरून उठतो. ध्वनिशास्त्रात या गुणाला खरखरीतपणाच म्हणतात.

मेंदूशास्त्रज्ञ ल्यूक आर्नाल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये माणसाच्या किंकाळीचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. किंकाळीची तीव्रता सेकंदाला 30 ते 150 वेळा खालीवर होत असते. नेहमीच्या बोलण्यात हा पट्टा जवळजवळ रिकामा असतो, धोक्याच्या भोंग्यांत मात्र तो भरलेला सापडतो. असा आवाज जितका खरखरीत, तितका तो लोकांना अधिक भीतीदायक वाटला, आणि मेंदूत भीतीशी निगडित असलेला अमिग्डला हा भाग तितका जास्त चेतवला गेला. निसर्गाने हा पट्टा जणू संकटासाठी राखून ठेवलेला आहे.

डॅनियल ब्लमस्टाइन हा अमेरिकी जीवशास्त्रज्ञ या प्रश्नाकडे वळला तो मारमॉटमुळे. हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा जाडजूड प्राणी. अभ्यासासाठी पकडलेली पिल्लं कधीकधी किंचाळत, आणि ती किंकाळी ऐकून हातातलं पिल्लू सोडून द्यावंसं वाटे. स्वरतंतूंवर पेलवणार नाही इतका जोर पडला की त्यांची नियमित कंपनं बिघडतात. 'घसा फाटेपर्यंत ओरडणं' हा आपला वाक्प्रचार शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही किती नेमका आहे! ब्लमस्टाइनने मग एका चित्रपट-संगीतकाराला सोबत घेऊन 102 चित्रपटांतले प्रसंग तपासले. त्यांचा शोधनिबंध 2010 मध्ये आला. भयपटांच्या ध्वनिपटांत असे फाटलेले आवाज अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. हरमनने व्हायोलिनला तेच करायला लावलं होतं, पन्नास वर्षं आधी.

अचानक धाडकन वाजणाऱ्या आवाजाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दचकणं मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून घडतं आणि सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पापण्या मिटू लागतात. त्यात संगीतकाराचं कौशल्य दिसतं असं मला वाटत नाही. त्यापेक्षा जॉन कार्पेंटरचं 'हॅलोवीन' (1978) ऐकावं. दिग्दर्शनही त्याचंच. ती धून पाच मात्रांची आहे आणि हा ठेका त्याला वडिलांनी लहानपणी बोंगोवर शिकवला होता. चाराच्या चालीला सरावलेला पाश्चात्त्य कान तिथे अडखळतो. झपताल ऐकत वाढलेल्या कानाला ती चाल तितकी परकी वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता दुसरी वाट, माझ्या जास्त जवळची. 'जॉज' (1975) मध्ये जॉन विल्यम्सने शार्कसाठी दोनच स्वर आलटून पालटून वापरले. मासा दूर असताना ते संथ वाजतात, जवळ येताना त्यांची लय आणि जोर वाढत जातो. दोन मुलं शार्कसारखा पुठ्ठ्याचा पर बांधून लोकांना घाबरवतात, तेव्हा मात्र ही धून वाजतच नाही. संगीत तिथे खोटं बोलत नाही.

'महल'मध्ये हेच त्याच्या सव्वीस वर्षं आधी झालं होतं, आणि तेही माणसाच्या पावलांनी. संगीतकार खेमचंद प्रकाश. माईक खोलीच्या मध्यावर ठेवला होता. लता मंगेशकर तेव्हा जेमतेम 19-20 वर्षांच्या. त्यांनी दूर कोपऱ्यातून गायला सुरुवात केली आणि सुरुवातीच्या ओळी गात एकेक पाऊल माईककडे चालत आल्या. नुसतं बटण फिरवून आवाज वाढवला असता तर हा परिणाम साधला नसता. दूरच्या माणसाचा आवाज आपल्यापर्यंत थोडा थेट येतो आणि बराचसा भिंतींवर आपटून येतो. माणूस जवळ येतो तशी थेट आवाजाची बाजू वरचढ होत जाते. या प्रमाणावरूनही कान अंतर ओळखतो.

मानसशास्त्रज्ञ जॉन नॉयहॉफने 1998 मध्ये दाखवलं, की वाढत जाणारा आवाज लोकांना तितक्याच प्रमाणात घटणाऱ्या आवाजापेक्षा जास्त बदलल्यासारखा वाटतो. येणाऱ्याला कान जवळचा मानतो. गंमत म्हणजे हा परिणाम सुरेल आवाजात दिसला, नुसत्या खळखळाटात नाही. पुढे माकडांवरच्या प्रयोगातही तसंच आढळलं. वाऱ्याची घोंघों वाढली तर सांगता येत नाही काय झालं, पण एखादा स्वर वाढत असेल तर कुणीतरी एकच जण, एकाच दिशेने, आपल्याकडे निघालेला असतो. भुताच्या गाण्याला इतका निर्मळ सूर का शोभतो, याचं मला पटलेलं उत्तर हे आहे.

खेमचंद प्रकाश 'महल' प्रदर्शित झाल्यावर वर्षभराच्या आत, ऑगस्ट 1950 मध्ये गेले. सुरुवातीच्या तबकड्यांवर गायिकेचं नावही नव्हतं, 'कामिनी' हे पात्राचं नाव छापलेलं होतं.

गिरगावात आमच्या चाळीत मावशी रात्री दहाला विविध भारतीवर 'छायागीत' लावायची. हे गाणं लागलं की पहिल्या ओळींना ती हातातलं विणकाम खाली ठेवायची, उठून दाराची कडी लागली आहे ना ते बघायची आणि परत येऊन बसायची. तोवर लताबाई माईकपाशी पोचलेल्या असायच्या.