‘फ्ली’ टाइप केलं, पण पोचलंच नाही

मजकुरावर चालणारा एक ऑनलाइन खेळ. समोर ड्रॅगन. अंगात जेमतेम जीव उरलेला. तुम्ही घाईघाईने ‘फ्ली’ (flee, म्हणजे पळ काढ) टाइप करून एंटर दाबता आणि स्क्रीन ढिम्म. दोन सेकंदांनी सात-आठ ओळी धाडकन येतात. शेवटच्या ओळीत तुमचा मृत्यू जाहीर झालेला असतो.

1978 मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने पहिला ‘मड’ (अनेकांनी एकत्र खेळायचा मजकुरी खेळ) लिहायला घेतला, पुढे रिचर्ड बार्टलने तो वाढवला. अशा मजकुरावर चालणाऱ्या खेळांची देवाणघेवाण आजही बहुतेक ठिकाणी टीसीपीवरून, म्हणजे इंटरनेटवर माहिती खात्रीने पोचवणाऱ्या पद्धतीने होते. टीसीपी एक अक्षरही गाळत नाही आणि क्रमही मोडू देत नाही. त्यामुळे मधलं एक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) गळालं, की मागून सुखरूप पोचलेली पॅकेटंही तो अडवून धरतो. स्क्रीन गोठते ती म्हणूनच.

खरी मेख पुढे आहे. गळालेलं पॅकेट टीसीपी दोन प्रकारे ओळखतो. मागची पॅकेटं पोचत राहिली, तर पलीकडचा संगणक ‘मी अजून त्याच पॅकेटसाठी थांबलोय’ असं पुन्हा पुन्हा कळवतो. असे तीन निरोप आले की ते लगेच परत पाठवलं जातं. व्हिडिओ पाहताना पॅकेटांची रीघ लागलेली असते, म्हणून हे चटकन जमतं. पण ‘फ्ली’ आणि एंटर मिळून सहा बाइट, त्यावर 40 बाइटांचं वेष्टन, आणि मागे काहीच नाही! मग निरोप देणार कोण? उरतो तो घड्याळाचा मार्ग: ठरलेल्या मुदतीत पोच आली नाही, की पॅकेट पुन्हा पाठवायचं, आणि प्रत्येक अपयशानंतर ही मुदत दुप्पट होते. पहिली मुदत 300 मिलिसेकंद धरली, तर पुढचे प्रयत्न 0.3, 0.9 आणि 2.1 सेकंदांनी होतात. एवढ्या वेळात ड्रॅगनचं काम उरकलेलं असतं.

यूडीपी (पोचण्याची किंवा क्रमाची हमी न देणारी दुसरी पद्धत) वापरणाऱ्या खेळाला एक सुंदर सोय आहे: आज्ञा इतक्या छोट्या असतात, की पोच न मिळालेल्या मागच्या सगळ्या आज्ञा प्रत्येक नव्या पॅकेटात पुन्हा घालता येतात. प्रत्येकीला क्रमांक द्यायचा, म्हणजे सर्व्हर दुबार आलेली सोडून देतो. खेळ टीसीपीवरच असेल, तर निदान नेगलची पद्धत तरी बंद करावी. जॉन नेगलने 1984 मध्ये मांडलेली ही पद्धत आधीच्या पॅकेटची पोच येईपर्यंत पुढचा छोटा मजकूर रोखून ठेवते. ती बंद असली, तर ‘फ्ली’नंतर तीन-चार वेळा रिकामा एंटर मारण्याचा फायदा होऊ शकतो: त्या रिकाम्या ओळीच हवे ते तीन निरोप घडवून आणतात. ‘फ्ली’च मात्र चारदा टाइप करू नका. अडकलेल्या चारही आज्ञा एका दमात सुटतील आणि तुम्ही भलत्याच खोलीत जाऊन पडाल.

मला सगळ्यात पटलेला उपाय मात्र नेटवर्कचा नाहीच. कित्येक मडमध्ये ‘विम्पी’ नावाची सेटिंग असते: जीव ठरलेल्या आकड्याखाली गेला, की पात्र आपोआप पळायला लागतं. तो निर्णय सर्व्हरवरच होतो, त्यासाठी तुमच्याकडून एकही पॅकेट जावं लागत नाही. लढाईला तोंड फुटायच्या आधीच हा आकडा टाकून ठेवा, आणि लाइन खराब असेल तर नेहमीपेक्षा चढा टाका.