क्रूझच्या कागदावरचं ब्रुज आणि खरं ब्रुज

क्रूझच्या वेळापत्रकात 'ब्रुज, बेल्जियम' असं छापलेलं असतं. सकाळी डेकवर येऊन बघावं, तर समोर क्रेन, कंटेनर आणि रांगांमागून रांगा लावलेल्या नव्याकोऱ्या मोटारी. कालवे, हंस, दगडी पूल कुठे दिसतच नाहीत. कारण जहाज लागतं झीब्रुगेला. आपण ज्यासाठी आलो ते ब्रुज तिथून साधारण 15 किलोमीटर आत आहे. मुंबईहून 'अलिबागची बोट' पकडावी आणि उतरावं मांडव्याला, तसलाच प्रकार.

कंपनी खोटं बोलते असं मात्र नाही. कारभाराच्या दृष्टीने झीब्रुगे हा ब्रुज शहराचाच भाग. 'झी' म्हणजे डचमध्ये समुद्र, समुद्रावरचं ब्रुज.

वयाने मात्र दोघांत शतकांचं अंतर. 1134 च्या वादळात समुद्र आत घुसला, झ्विनची खाडी रुंदावली आणि ब्रुजला दर्याची वाट मिळाली. इंग्लंडची लोकर, फ्लँडर्सचं कापड, इटलीच्या सावकारांच्या हुंड्या, सगळं इथे फिरायचं. पुढे खाडी गाळाने भरत गेली, पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून व्यापार अँटवर्पकडे सरकला आणि शहर गरीब झालं. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता, म्हणून ते जुनं टिकलं! 2000 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. हरवलेला समुद्र परत मिळवायला बांधलेलं बंदर म्हणजे झीब्रुगे; राजा दुसरा लिओपोल्ड याने 1907 मध्ये त्याचं उद्घाटन केलं.

कालव्यांचीही अशीच गल्लत होते. बंदरापासून ब्रुजपर्यंत जाणारा बाउडेवाइन कालवा सरळसोट, मालवाहतुकीचा. फोटोतले वळणावळणाचे कालवे शहराच्या पोटात आहेत. तिथे उघड्या बोटीतून अर्धा तास फिरवतात.

आता वेळेचा हिशेब. मालाचं बंदर असल्यामुळे गेटपर्यंत पायी जाऊ देत नाहीत, शटल बसच घ्यावी लागते. शेजारच्या ब्लँकनबर्गे गावाहून ट्रेनने ब्रुज पंधरा मिनिटांवर, पण ब्रुजच्या स्टेशनातून शहरातल्या मुख्य मार्क्ट चौकापर्यंत वीसेक मिनिटं चालायचं. जाऊन-येऊन, वाट बघून आठ तासांच्या मुक्कामातले हातात पाचएक उरतात.

म्हणून मी मार्क्टमधलं घंटाघर सोडून देईन. 83 मीटर उंची, 366 पायऱ्या, चिंचोळा जिना. त्याहून छळते ती खालची रांग. त्याऐवजी गर्दी जमण्याआधी बोट, मग चर्च ऑफ अवर लेडीमधली मायकेलअँजेलोची संगमरवरी माता आणि बाळ. तिथून जवळच 1245 मध्ये स्थापन झालेलं बेगिनहोफ आहे. लग्न न करता, संन्यासही न घेता धर्मनिष्ठ आयुष्य जगणाऱ्या बायकांची ही एकेकाळची वसाहत. आवारात उंच झाडं, भोवती पांढरी घरं, आणि मोठ्याने बोलायला बंदी. चॉकलेटची दुकानं शोधावी लागत नाहीत, तीच आपल्याला शोधतात.

परतीची वेळ बघताना एक खात्री करून घ्या: इंग्लंडहून निघालेली काही जहाजं ब्रिटिश वेळच पाळतात, आणि बेल्जियमचं घड्याळ त्याच्या एक तास पुढे असतं. कार्डावरची 'चार' नेमकी कोणाच्या घड्याळातली, हे उतरण्याआधीच विचारलेलं बरं.